उठलेली जागा

चष्मेवालीला लोकांचा राग येत असे, आणि त्यात तिचं फारसं चुकत होतं असंही नाही. लोक वागतच तसे. लाँचची शिडी चढून वर आल्याबरोबर नेमकं तिथंच थांबून पाकीट शोधणारे, फोनवरची भांडणं साऱ्या जगाला ऐकवणारे, दोघांच्या जागेत पाय पसरून बसणारे, सगळ्यांची तिने मनात वर्गवारी करून ठेवली होती. त्यात पहिला मान पिशवीवाल्यांचा. शेजारी पिशवी ठेवायची आणि कुणी विचारलं की "येताहेत" म्हणायचं. कोण येताहेत, कुठून येताहेत, देव जाणे.

तिचं चष्म्यांचं दुकान खाडीपलीकडे होतं. नंबर तपासताना गिऱ्हाइकाला हनुवटी टेकवून गप्प बसावं लागतं, त्यामुळे तिची मतं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. भिंगं बदलता बदलता ती राज्य सरकारचे कायदेही बदलून टाकत असे.

म्हणूनच सार्वजनिक वाहनांत जागा धरून ठेवण्याविरुद्ध कायदा होणार, आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरणार असं कळल्यावर ती दुकान बंद ठेवून गेली आणि पहिल्या रांगेत बसली. नुसता पाठिंबा देऊन भागेना. ती म्हणाली, पिशव्या बंद केल्यात तर हे लोक माणसं बसवतील. पुढच्या धक्क्यावर एक उठेल आणि आपल्या माणसाला अलगद बसवेल. तेव्हा उठलेली जागा सगळ्यांत आधीपासून उभा असेल त्याचीच, असं कलम घाला. म्हाताऱ्यांना दोन जागा राखीव आहेतच, बाकी अपवाद नको, अपवाद केले की कायद्याची चाळण होते. टाळ्या पडल्या. कलम जसंच्या तसं आलं.

घरी फक्त बाबा हसले होते. हा धंदा त्यांनीच तिला शिकवलेला. कायद्याला लांबचं झकास दिसतं, जवळचं दिसत नाही, एवढंच ते म्हणाले आणि भिंग पुसत बसले.

पहिला दंड झाला तो एका कापडी पिशवीवालीला. लाँचवरच्या तपासनिसाला, ज्याला सगळे शिट्टी म्हणत, चष्मेवालीनेच बोट करून दाखवलं होतं. त्या दिवसापासून ती बाई बसेचना. बाकं रिकामी असली तरी दाराशी, उभ्यांच्या रांगेत पहिली, पिशवी छातीशी धरून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं चष्मेवाली मनात म्हणायची.

पुढे बाबा याच लाँचवर उभे असताना पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण माणूस खिडकीशी खिळला. दुसऱ्या धक्क्याजवळ, भावाच्या घरी, ते दिवसभर पाणी बघत बसत. दुकानात या, नुसते बसून राहा, म्हणून तिने किती मनधरणी केली. शेवटी एकदाचे कबूल झाले, पण बजावून सांगितलं, की उभं राहावं लागलं तर ही शेवटची खेप. बाबा हट्टाला पेटले की पेटले, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ही खेप चुकली तर ते त्या खिडकीतच संपतील, हेच ती आदल्या रात्रभर घोकत राहिली.

तरी सकाळी लाँचवर ती निर्धास्त बसली होती. बाबा चढले की आपण उठायचं आणि त्यांना बसवायचं, त्यात काय मोठंसं. पहिला धक्का सुटला, बाकं भरली, राखीव जागांवर दोन आज्या बसल्या, दाराशी सातआठ जण उभे राहिले. तिने शिट्टीला सहज बेत सांगितला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"ताई, तुम्ही उठलात की जागा रांगेतल्या पहिल्याची. कलम तुमचंच आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने रांगेकडे पाहिलं. पहिली कोण, हे पाहायची गरज नव्हती. गयावया करावी तर कुठल्या तोंडाने?

दुसरा धक्का आला. भावाने हात देऊन बाबांना चढवलं आणि तो खाली उतरला. काठी टेकत, कांबी धरत बाबा दाराशी थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. लाँचने हेलकावा घेतला आणि चष्मेवाली ताडकन उठली.

शिट्टी नियमाचा पक्का. त्याने पिशवीवालीला विचारलं, "बाई, जागा तुमची. बसताय?"

ती चष्मेवालीकडे बघत राहिली. मग बाबांकडे, त्यांच्या काठीकडे.

"मला नको," ती म्हणाली.

शिट्टीने पुढच्याला विचारलं. फोनवरची भांडणं साऱ्यांना ऐकवणाऱ्यांतला एक पोरगा. त्याने फोन बंद केला आणि मान हलवली. पुढचा, दोघांची जागा अडवणारा गृहस्थ, जरा घुटमळला. सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळली तसा म्हणाला, आपल्याला उभं राहायलाच बरं वाटतं. असं एकेकाला विचारत शिट्टी रांगेच्या शेवटी, बाबांपाशी आला.

"आजोबा, जागा तुमची."

बाबा बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि पाण्याकडे बघत, आज दुकानात चहा कोण करणार, असं विचारलं. चष्मेवालीला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

मग ती पिशवीवालीशेजारी जाऊन उभी राहिली. आभार मानावेत की माफी मागावी, काही सुचेना. जे दंडाच्या दिवशीच विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं.

"तुम्ही कुणासाठी धरायचात जागा?"

"आईसाठी. दुसऱ्या धक्क्यावर चढायची. उभं राहवत नाही तिला."

"आता?"

"आता घरीच असते."

 उतरताना चष्मेवालीने तिचा हात धरला आणि उद्या आईला धक्क्यावर थांबायला सांगा, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीवालीला स्वतःच्या नेहमीच्या जागेवर जवळजवळ ढकलूनच बसवलं. बाकं भराभर भरली, पण चष्मेवाली स्वतः बसली नाही. दाराशी, उभ्यांच्या रांगेत पहिली, पर्स छातीशी धरून उभी राहिली. दुसऱ्या धक्क्यावर एक बारीकशी म्हातारी चढली आणि तिची लेक उठली. शिट्टी चष्मेवालीकडे वळला, पण त्याला विचारायची वेळच आली नाही.

"मला नको," ती म्हणाली, आणि मागे वळून रांगेतल्या एकेकाच्या डोळ्यांत पाहू लागली.