उजव्या बटणावरचं ‘ऐका’

दादा गेले आणि त्यांचा आवाज एका फोल्डरात राहिला. ते इमारतींचे तपासनीस. भिंतींच्या भेगा बघत हातातल्या यंत्रात टिपणं बोलायचे, मधूनच घरचंही काहीबाही बोलून ठेवायचे. यंत्र मोडलं; ते बनवणारी कंपनी त्याच्याही आधी मोडली. आता वहिनींनी फाइलवर क्लिक केलं की संगणक विचारायचा, ही कशाने उघडू?

“मलाच विचारतोय मेला,” वहिनी म्हणायच्या. “मला कळत असतं तर तुला कशाला पोसला असता?”

दादांच्या धाकट्या भावाने, म्हणजे भावोजींनी, हे काम अंगावर घेतलं. जलखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना शेल स्क्रिप्ट लिहायचा छंद होता. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामं. तो ती वरून खाली, निमूटपणे करतो. इतकं निमूट ऐकणारं भावोजींच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

माउसचं उजवं बटण दाबल्यावर उघडणारा मेनू त्यांनी वहिनींच्या मापाने बेतला. पत्रांवर ‘वाचा’, फोटोंवर ‘बघा’, दादांच्या फाइलींवर ‘ऐका’. ‘ऐका’मागची स्क्रिप्ट जुनी फाइल आजच्या साच्यात बदलून वाजवायची. चाचणीसाठी त्यांनी एका फाइलीची नक्कल लावली. “जिन्याचा कठडा सैल आहे,” दादा स्वच्छ म्हणाले. भावोजींचे डोळे भरून आले. मग त्यांनी नक्कल पुसली, कारण त्यांना पसारा खपत नसे. यंत्रातलं मूळ कार्डही याच कारणाने केव्हाच पुसलेलं होतं.

फाइल बदलायला वेळ लागायचा. वहिनींना दर वेळी ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून त्यांनी जाता जाता एक सुधारणा केली: बदललेला आवाज त्याच फाइलीत साठवायचा. तपासून बघण्याइतकी ती सुधारणा मोठी नव्हती.

वहिनी केस विंचरून बसल्या. ‘ऐका’ दाबलं. काहीच नाही.

“आवाज वाढवा हो.”

वाढवला. फक्त पंखा ऐकू आला.

“पहिल्या हाकेला ओ कधी दिली होती त्यांनी?” म्हणत वहिनींनी दुसरी लावली. मग तिसरी. मग यादीत सरळ खाली उतरत गेल्या.

भावोजींनी दुसऱ्या खिडकीत स्क्रिप्ट उघडली आणि त्यांची सुधारणा त्यांच्याकडे बघत राहिली. त्याच फाइलीत लिही म्हटल्यावर संगणकाने आधी ती कोरी केली होती, आणि मग तो ती वाचायला गेला होता.

“वहिनी, थांबा!”

न लावलेली एकच फाइल उरली होती.

“म्हणजे मी पुसलं त्यांना?”

“मी पुसलं. तुम्ही नुसतं बटण दाबलंत.”

“म्हणजे दोघांनी मिळून.”

पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय भावोजींनी केले. हाती आली ती खरखर. स्क्रिप्ट मात्र दुरुस्त झाली.

“आता आधी नक्कल करू, मग नक्कलच वाजवू. मूळ फाइलीला धक्काही लागणार नाही.”

“जलखात्यातही असंच का? आधी टाकी रिकामी करायची, मग पाणी शोधायचं?”

“वहिनी, माझी खात्री आहे.”

“तेव्हाही होती.” त्यांनी माउस आपल्याकडे ओढला. “ते ‘ऐका’ काढून टाका.”

“मग काय ठेवू?”

“काही नको. त्या उरलेल्या फाइलीवर कुठलंही बटण दाबलं तरी काही होता कामा नये.”

हे काम सोपं होतं. भावोजींची स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालली. वहिनींनी तरी ती आधी दुसऱ्या, कोऱ्या झालेल्या फाइलींवर पुन्हा पुन्हा तपासून घेतली.