अकरा दिवस बेसशिवाय

अकरा दिवस. अकरा दिवसांत एकाही माणसाला कळलं नाही, याला म्हणायचं तरी काय? बँड चौघांचा, गाणं वाजवलं चौघांनी, आणि लोकांपुढे गेलं ते तिघांचं. चौथी कुठे गेली हे विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. आणि चौथी म्हणजे कोण, तर लिफ्टवाली, जिने त्या साडेचार मिनिटांच्या गाण्यासाठी सहा रविवार बोटांची सालटी काढून घेतली होती.

लिफ्टवाली म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी. वय एक्केचाळीस, राहणं आईजवळ, हाताला कायम ग्रीसचा वास. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ती उभी राहिली की आधी स्क्रू ड्रायव्हर काढत नाही, आधी नुसती उभी राहते. मोटर चालू असते आणि तिची घरघर तळपायातून वर येते. बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय, हे तिच्या पायांना कळतं. नवीन लागलेले मेकॅनिक हसतात. मग दुपारपर्यंत सगळं खोलून बघतात आणि गप्प बसतात.

बेस गिटार तिच्या हातात पडली ती दादामुळे. दादाने बँड काढला, त्याला बेस वाजवायला कोणी मिळेना. "चारच तर तारा आहेत, तुला जमेल," असं तो म्हणाला होता. खरं म्हणजे राग तिला तेव्हाच यायला हवा होता. आला नाही, कारण तिने सगळ्यात जाड तार छेडली आणि तो आवाज कानात न जाता सरळ पोटात उतरला. खिडकीची काच थरथरली. आई आतून म्हणाली, "ट्रक आला का गं?" झालं, तिथेच ती खुळावली. मग नऊ वर्षं झाली. कामावरून आली की हात धुवायचे, चहा घ्यायचा आणि ते जड लाकूड गळ्यात अडकवायचं. बेसवाल्याकडे कोणी बघत नाही, टाळ्या दुसऱ्याला पडतात, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण आपण एक सूर अर्धा क्षण धरून ठेवला की गाणारा आपोआप श्वास घेतो, आपण सोडला की सगळे पुढे निघतात आणि त्यांना वाटतं आपणच निघालो, यात जी मजा आहे ती टाळ्यांत कुठली असायला?

बँड रविवारी सकाळी जमायचा, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत. डॉक्टर ड्रम वाजवायचे, दादा गायचा, आणि वहिनीचा धाकटा भाऊ लीड गिटार वाजवायचा. याचं नाव सगळ्यांनी सोलो पाडलं होतं, कारण कुठलंही गाणं असो, मध्येच सगळ्यांनी थांबावं आणि आपण एकट्याने दोन मिनिटं बोटं पळवावीत अशी त्याची इच्छा असायची. या गाण्यातही ती पुरवली होती. चौघांचं वाजवणं वेगवेगळं रेकॉर्ड केलं, ते सोलोने घरी कॉम्प्युटरवर जोडलं आणि इंटरनेटवर टाकलं.

कौतुकाचा पाऊस पडला. वहिनीने चाळीस जणांना पाठवलं. आई म्हणाली, "तुझंच सगळ्यात छान ऐकू येतं गं." लिफ्टवालीनेही ते फोनवरच ऐकलं. आता फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरमधून बेस येतच नाही, हे तिला माहीत होतं. आपलं ऐकू येत नाही ते फोनमुळे, अशी तिने नेहमीसारखी स्वतःची समजूत घातली आणि अकरा दिवस हवेत फिरत राहिली.

अकराव्या दिवशी वर्कशॉपात वेल्डरने नवा स्पीकर आणला. चांगला गुडघ्याएवढा उंच. जेवणाच्या सुट्टीत तिने मोठ्या तोऱ्यात आपलं गाणं लावलं. सगळ्यांना गोळा केलं, हात वर केला आणि म्हणाली, "थांबा, आता इथून मी येते."

ती आलीच नाही. दादा आला, डॉक्टर आले, सोलो तर आलाच आला. हात वरच राहिला. गाणं संपलं. मग वेल्डर म्हणाला, "छान आहे की. पण यात तू कुठली?"

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

रविवारी ती दवाखान्यात पोचली ती बोलायचं ठरवूनच. "गाण्यात माझा बेस नाहीये," ती म्हणाली. "कमी नाही, नाहीच."

सोलोने फोन काढला, मग त्याला आठवलं की फोनवर कळणार नाही, मग हेडफोन शोधले. ऐकलं. "अगं हो की," तो म्हणाला. "मला माझा सोलो नीट ऐकायचा होता म्हणून बाकीचे एकेक म्यूट केले होते. तुझं परत चालू करायचं राहिलं वाटतं."

"दादाचं आणि डॉक्टरांचं बरं आठवणीने चालू केलंस."

"त्यांचं बंद असलं की लगेच कळतं ना."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. लिफ्टवालीने दादाकडे पाहिलं. सख्खा भाऊ, लहानपणी हिच्यासाठी शेजारच्याशी मारामारी करून आलेला. आता बोलेल, मग बोलेल. दादा माइकची वायर गुंडाळत होता.

"चूक झालीच आहे," तो म्हणाला. "पण आता सातशे लोकांनी ऐकलंय. काढून परत टाकलं तर आकडा शून्यावर येतो. आणि कुणाची तक्रारही नाही. मग राईचा पर्वत कशाला करायचा? पुढच्या गाण्यात तुझा आवाज वाढवू."

"रागावू नका," डॉक्टर म्हणाले, "पण खरं सांगू? मला ते जरा मोकळं मोकळं वाटलं."

"डॉक्टर, दाढ काढल्यावर पेशंटलाही मोकळंच वाटतं," ती म्हणाली. "चावायला गेला की समजतं."

सगळे हसले. तीही सवयीने हसली, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. त्याहून संतापजनक म्हणजे त्यानंतर ती दोन तास नेहमीसारखी वाजवत बसली. दादा अंतऱ्यात नेहमीसारखा पुढे पळाला, तिने नेहमीसारखं त्याला पकडून आणलं, कुणाला काही कळलं नाही. घरी येऊन तिने आईला विचारलं, "तुला माझं सगळ्यात छान ऐकू आलं म्हणालीस. काय ऐकू आलं?"

आई भाजी निवडत होती. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

म्हणजे घरचीही फितूर. लिफ्टवालीने खोलीचं दार लावलं आणि गाण्याखालच्या सगळ्या प्रतिक्रिया एकेक करून वाचायला घेतल्या. अंगठे, बदाम, क्या बात, वाहवा, सोलो जबरदस्त. खरं तर ती गाऱ्हाण्याला पुरावा गोळा करत होती. त्रेसष्टांमधली अठ्ठावन्नावी, आज सकाळीच आलेली, अशी होती: "गाणं बरंय, पण खाली कोणीच नाही. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला एकटाच धडपडतोय. बेसवाला मेला का?"

तिने ते तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं: "मेली नाही. म्यूट केली."

दोन मिनिटांत पलीकडून आलं: "कोणी? पत्ता दे त्याचा."

ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्या बाई सोफे शिवायच्या. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि तीस वर्षं ड्रम वाजवूनही त्यांच्याकडे बँड नव्हता. तीन बँडांनी त्यांना काढलं होतं. का, तर गाणं चालू असताना मध्येच थांबायच्या आणि कोण चुकलं ते नाव घेऊन सांगायच्या. "मग काय आरती ओवाळू?" असं त्यांनी फोनवर विचारलं, आणि रविवारी गिटार घेऊन ये म्हणून बजावलं. घरी मोठे स्पीकर होते त्यांच्या. फोनवर गाणं ऐकणाऱ्या माणसांविषयी त्यांचं जे मत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी लिफ्टवाली दवाखान्यात गेली नाही. कुणाला कळवलंही नाही. ज्याला जाणवेल तो विचारेल, एवढं तिने मनाशी ठरवलं, आणि गिटार घेऊन मावशींच्या सोफ्यांच्या कारखान्यात गेली. तिथे छतापर्यंत फोमच्या लाद्या रचलेल्या, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, एका कोपऱ्यात उघडी पडलेली सोफ्याची हाडं आणि मधोमध ड्रम. फोममुळे खोलीत आवाज बाहेरचा आत येत नव्हता आणि आतला बाहेर जात नव्हता.

मावशींनी चहा विचारला नाही. काठ्या उचलल्या आणि सुरुवात केली. लिफ्टवाली शिरली. आठ ठोके झाले असतील नसतील, मावशी थांबल्या.

"कुठे निघालीयस? गाडी सुटतेय?"

"मी घाई नाही केली."

"केलीस. पुन्हा."

पुन्हा आठ ठोके, पुन्हा थांबल्या. लिफ्टवालीचं डोकं तडकलं. नऊ वर्षं ती इतरांची घाई निस्तरत आली होती आणि आता ही बाई हिलाच घाईखोर ठरवत होती. "मावशी, नऊ वर्षं वाजवतेय मी," ती म्हणाली. "कोणी असं बोललं नाही मला."

"कोणी ऐकलं असतं तर बोललं असतं," मावशी म्हणाल्या. "तुझा भाऊ पळतो. त्याला गाठायला तू आधीच एक पाऊल पुढे टाकून ठेवतेस. गाण्यात कळत नव्हतं, तू नव्हतीसच त्यात. आता कळतंय. इथे कोणी पळत नाहीये. ये आरामात."

ती आरामात आली. मावशींचा पाय मोठ्या ड्रमवर पडला आणि त्याच क्षणी तिचं बोट तारेवरून सुटलं, दोन आवाज असे राहिलेच नाहीत, एकच झाला आणि पायाखालच्या फरशीतून वर आला. पुढचा तसाच. त्याच्या पुढचा तसाच. मग तिने मुद्दाम एक सूर सोडून दिला, काही न वाजवता गप्प राहिली, आणि मावशीही तेवढ्याच गप्प राहिल्या. कोणी खूण केली नव्हती. पुढच्या ठोक्याला दोघी बरोबर एकत्र उतरल्या. लिफ्टवालीला हसू फुटलं. मावशींनी हसण्याबद्दल काही म्हटलं नाही, फक्त जरा जोरात वाजवलं.

दोन तासांनी दोघी घामाने भिजल्या होत्या. गाणारं कोणी शोधायचं का, असं तिने विचारलं. "मिळेल तेव्हा मिळेल," मावशी म्हणाल्या. "उभं राहायला त्याला आधी जमीन तर लागेल. ती आपण करतोय." आणि खोलीत फोम असला तरी शेजारच्या सुताराने दुपारी येऊन विचारलंच की आज काही यंत्र बिंत आणलंय का.

दवाखान्यातला पहिला रविवार गेला, दादाचा फोन नाही. दुसरा गेला, नाही. तिसरा गेला. गुरुवारी आला.

"अगं, शनिवारी कार्यक्रम आहे," दादा म्हणाला. "तो मोठा अ‍ॅम्प तुझ्या व्हॅनमध्येच आहे ना? सोलोला गिटार जोडायला लागतोय."

"तीन रविवार झाले दादा, मी आले नाहीये."

"हो का? मला वाटलं तू... म्हणजे दोनच झाले असतील."

"तीन. अ‍ॅम्प शनिवारी सकाळी आणून देते. मी नाही येणार. यापुढेही नाही."

"त्या एका चुकीवरून? सख्ख्या भावाचा बँड सोडतेस?"

"चुकीवरून नाही. चूक कळल्यावर तू वायर गुंडाळत बसलास त्यावरून." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला गरज वाटली नाही. "नऊ वर्षं तू पडलास तिथे मी हात दिला, आणि तुला वाटलं तुला चालता येतं. आता चाल. भाऊ म्हणून घरी जेवायला ये, आई वाट बघतेय. बँड म्हणून मला फोन करू नकोस."

आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी कामावरून तातडीचा निरोप आला. एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली होती आणि आत एक म्हातारं जोडपं अडकलं होतं. आजोबा आतून ओरडत होते, आजी आतून आजोबांना ओरडत होत्या. लिफ्टवालीने दोघांना सुखरूप बाहेर काढलं, पाणी पाजलं, ब्रेक तपासला, आणि सगळं आटोपून व्हॅनमध्ये ठेवलेला फोन पाहिला. सात फोन येऊन गेले होते. सातही मावशींचे.

ती पोचली तेव्हा मावशी कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. हातात काठ्या.

"चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं काठ्या धरून बसलेय मी."

"मावशी, लिफ्ट अडकली होती. आत माणसं होती."

"मग माणसं काढायच्या आधी एक फोन करायचा. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मलाच माहीत. सात वेळा फोन केला. काय समजायचं मी?"

"तुम्ही सुरुवात करायची ना. मी आले असते मागून."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्याशिवाय? कशी करणार? तू नाहीस तर मी वाजवू कशावर? अक्कल आहे का काही, म्हणे मागून येते. चार ठोके टाकले आणि बंद केलं. ऐकवत नव्हतं ते." आणि मग त्या थांबल्याच नाहीत. बेजबाबदारपणा, आजकालची माणसं, फोन व्हॅनमध्ये ठेवण्याचा मूर्खपणा, सगळं काढलं.

लिफ्टवालीने गिटार पेटीतून काढली. दवाखान्यात ती कितीदा तरी उशिरा पोचली होती. तापात घरी राहिली होती, एकदा अख्खा महिना दुसऱ्या गावी कामावर होती. परत आली की गाणं चालूच असायचं, ती कोपऱ्यात जाऊन वायर जोडायची आणि मधूनच सुरू व्हायची. नऊ वर्षांत ती नव्हती म्हणून कोणी तिला एक शब्द बोललं नव्हतं. आता डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला वायर कुठे खुपसायची तेच दिसेना.

"आता रडतेस कसली?" मावशी खेकसल्या. "जोड ती वायर लवकर. आधीच उशीर केलायस."

तिने डोळे बाहीने पुसले आणि वायर जोडली. मावशी स्टुलावर बसता बसताही पुटपुटत होत्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो इतक्यात उतरू नये असं लिफ्टवालीला मनापासून वाटत होतं.