आप्पांच्या बैठकीची घोंगडी

मित्रांनो, घोंगडीने आपली हकिकत सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. घोंगडीचे काम पडून राहण्याचे. माणसे तिच्यावर बसतात, बोलतात आणि उठून जातात. मग तिला झटकून घडी घातली, की तिने ऐकलेलेही धुळीबरोबर उडून जाते असा लोकांचा समज आहे. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. तरीही मला सगळे नीट समजले असेल असे मी म्हणणार नाही. राजकारणातले तर फारच थोडे समजले. जे ऐकू आले तेवढेच सांगते.

माझा जन्म माण तालुक्यातला. तिकडे पाऊस कमी, गवत खुरटे आणि मेंढ्या उदंड. धुळा नावाच्या मेंढपाळाने आपल्या काळ्या मेंढ्या कातरल्या, त्याच्या बायकोने, बनुबाईने, लोकर पिंजून सूत काढले आणि तिथल्याच एका विणकराने खड्ड्यातल्या मागावर मला विणले. सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असल्यामुळे सुरुवातीला मी फार टोचत असे. त्याबद्दल मला बोलणी खावी लागली. वापराने खळ गेली आणि मी मऊ झाले. अंगाचा मेंढीचा वास मात्र अजून गेलेला नाही.

माझ्यासारख्याच आणखी तिघी होत्या. आम्हा चौघींना आप्पासाहेबांनी विकत घेतले. उंब्रजजवळच्या चार गावांतल्या बौद्ध वस्त्यांचे ते पुढारी. रिपब्लिकन पक्षाचे जुने कार्यकर्ते. पुढारी म्हणावे असे त्यांच्यात वरून काही दिसत नसे. आवाज बारीक, सदरा साधा, आणि बोलताना समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबण्याची सवय. एकेका वस्तीने वर्गणी काढून एकेक घोंगडी घ्यावी, असे त्यांनी ठरवले होते. घरी आणल्यावर त्यांच्या पत्नी आक्काताई यांनी दाभण आणि जाड दोरा घेऊन आम्हा चौघींना कडेला कड लावून शिवले. आता आम्ही चार घोंगड्या नव्हतो, एक बैठक होतो. समाजमंदिराच्या फरशीवर आम्हाला पसरले की भिंतीपासून भिंतीपर्यंत आम्हीच.

आप्पासाहेब तिथे व्यासपीठ घालू देत नसत. कोणी विचारले तर म्हणत, “एकजण वर बसला की बाकीची नुसती ऐकायला बसत्यात.” त्यांचा दुसरा नियम असा, की ठरावाला ज्याचा विरोध असेल त्याने आधी बोलायचे. त्यामुळे बैठका लांबत. तरुण पोरे वैतागून म्हणत, “आप्पांचं समदंच भिजत घोंगडं!” मला ते ऐकून वाईट वाटे. मी भिजलेली नसे. पण त्यांचेही अगदीच चुकत होते असे नाही. काही प्रश्न त्या फरशीवर खरेच फार दिवस पडून राहिले.

निवडणूक आली की लालासाहेब येत. ते ऊस बागायतदारांचे पुढारी, मोठ्या पक्षाचे, कारखान्यात वजन असलेले. त्यांना आमच्या वस्त्यांची मते हवी असत. तेही आमच्यावरच बसत, गुडघे धरून.

“आप्पा, तुमच्या ह्या घोंगडीवर बसलं की उठता येत न्हाई गड्या.”

“म्हणूनच टाकलीया. उठायच्या आदी बोलणं हुतं.”

दारातून आक्काताई म्हणत, “आणि पाण्याच्या टाकीचं बोलल्याबिगर च्या न्हाई, लालासाहेब. आदीच सांगून ठिवते.”

“आवं आक्का, च्या तर द्या! टाकी काय पळून चाललीय?”

“मागल्या येळंला पळालीच की.”

सगळे हसत. लालासाहेब सर्वांत मोठ्याने हसत. टाकी पुढे झाली. शाळेची वाट झाली. आप्पासाहेब मोठ्या पक्षाशी समझोता करत, पण पंचायत समितीची एक जागा आपल्याच माणसाने, आपल्याच चिन्हावर लढवायची, एवढे त्यांचे ठरलेले असे. ती जागा कधी मिळाली, कधी गेली. पण उमेदवार कोण, हे आमच्यावर बसून ठरत असे. आजूबाजूच्या गावांत ‘आप्पांची बैठक’ असे म्हटले, की ते आमच्याबद्दल बोलत आहेत की तिथल्या बोलण्याबद्दल, ते मला कळत नसे. बहुधा दोन्हीबद्दल असावे.

मग पक्ष फुटू लागला. तो कशामुळे फुटला ते मला सांगता येणार नाही. फुटल्याची बातमी मुंबईहून येई आणि आमच्या एका कडेची माणसे बैठकीला येईनाशी होत. एक वस्ती या नेत्याबरोबर गेली, दुसरी त्या नेत्याबरोबर, आणि प्रत्येक नेता एकेका मोठ्या पक्षाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मोठ्या पक्षांचेही काही बरे चालले नव्हते. एका सकाळी लालासाहेब जागे झाले तेव्हा ते झोपताना होते त्या पक्षाचे दोन झाले होते. आपण कोणत्या अर्ध्यात आहोत, हे त्यांना वर्तमानपत्रात वाचून कळले, असे आक्काताई सांगत. त्यानंतर ते राजकारणात फारसे दिसले नाहीत.

समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. बाहेर फ्लेक्स लागले. आम्हाला घडी घालून माळ्यावर टाकले. लोकरीला कसर लागते, मित्रांनो. ही बारीक कीड दिसत नाही. घडी उलगडेपर्यंत काही कळत नाही. आक्काताई अधूनमधून आम्हाला खाली काढून उन्हात घालत आणि घडीत कडुनिंबाचा पाला ठेवत, म्हणून आम्ही टिकलो.

आप्पासाहेबांचा भाचा महेंद्र शेजारच्या गावच्या वस्तीत राहतो. त्याचा माती उपसण्याच्या यंत्राचा धंदा. माणूस वाईट नाही. आईच्या दुखण्यात त्याने रात्रंदिवस सेवा केली, हे मी आक्काताईंच्याच तोंडून ऐकले आहे. पण गळ्यातला पंचा तो वरचेवर बदलू लागला. प्रत्येक पक्षाचा रंग वेगळा.

“आज कुठल्या पंगतीचं जेवून आलास रं?” आक्काताई विचारत.

“मामी, तुमाला समदी थट्टाच वाटती. सत्तंत असल्याबिगर कामं हुत न्हाईत.”

“कामं हुत्यात का?”

“हुतील की.”

या वेळी पंचायत समितीची ती जागा अनुसूचित जातीच्या स्त्रियांसाठी राखीव झाली. म्हणजे कोणीही निवडून आली तरी वस्त्यांतलीच लेकसून येणार. आप्पासाहेबांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. ते काळजीत पडले. मला ते कळेना. मग ते आक्काताईंशी बोलताना ऐकले. “बाई आपली असंल, गं. पण ती कुणाला इचारून बोलंल? वस्तीला, का दुसऱ्या कुणाला?”

त्यांच्या मनात आम्रपाली होती. नात्यातली नव्हे, वस्तीतली. ती घरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि गावात कोणाचा दाखला अडला, अर्ज अडला, की तिच्याकडे जातात. चारही वस्त्यांनी मिळून तिला एकटीलाच उभे करावे, आपल्या चिन्हावर, एवढीच आप्पासाहेबांची इच्छा होती. त्यांच्या वयाकडे पाहता ही शेवटचीच म्हणायची. त्यांनी चारही वस्त्यांना निरोप धाडले आणि आम्हाला माळ्यावरून खाली काढायला लावले.

माणसे आली. किती वर्षांनी आमच्या चारही कडा दाबल्या गेल्या! मोबाइलवर फोटो निघाले. मला फार बरे वाटले. ते बरे वाटणे लवकर संपले.

विरोध असणाऱ्याने आधी बोलायचे म्हटल्यावर सगळ्यांनाच आधी बोलायचे होते. बाकीच्या प्रत्येक वस्तीचा उमेदवार आधीच ठरलेला होता. कोणत्या तरी मोठ्या पक्षाने ठरवून दिला होता. महेंद्रच्या वस्तीतून त्याची बायको क्रांती उभी राहणार होती. ती मागे भिंतीला टेकून बसली होती आणि तिला कोणी काही विचारले नाही. आम्रपाली माझ्या कडेशी बसून लोकरीचा एक धागा बोटाला गुंडाळत होती.

“मामा, उमेदवार ज्याचा त्याचा ऱ्हाऊ द्या,” महेंद्र म्हणाला. “पर बैठक आमाला पायजे. आमचं सायेब येणार हायत. आप्पांची बैठक म्हणलं की म्हातारीकोतारी बी येत्यात.”

“व्हय? आणि आमी काय फरशीवर बसायचं?” दुसऱ्या वस्तीतला एक उसळला. “वर्गणी आमी बी दिलीया.”

“तुमच्या सायबाला खुर्च्या हायत की!”

“तुमच्या सायबाला तर कोच लागतोय, गड्या!”

थोडे हसू झाले, मग आवाज चढले. उमेदवाराचे बाजूलाच राहिले. भांडण आमच्यावर आले. आप्पासाहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर केला.

“चार घोंगड्या हायत. चार वस्त्या हायत. ज्याची त्यानं घिऊन जावी.”

हे बोलताना त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. मी त्यांना इतकी वर्षे ओळखते म्हणून सांगते, त्यांना ते तसे नको होते. त्यांना वाटले होते, एवढे म्हटल्यावर कोणीतरी तोंडात मारल्यासारखा गप्प होईल. कोणीतरी म्हणेल, ‘न्हाई आप्पा, आसं कसं?’ आयुष्यभर त्यांनी माणसांच्या लाजेवर विश्वास ठेवला होता आणि बहुतेक वेळा तो खरा ठरला होता.

 पण कोणीतरी म्हणाले, “बरूबर हाय.” आणखी कोणी म्हणाले, “न्यायाचं हाय.” महेंद्रने खाली बघत विचारले, “कातरी हाय का कुणाकडं?”

आक्काताई दारातून आत आल्या.

“कातरी लावू नका. लोकर उसवंल. माझं टाकं हायत, मीच काढते.”

त्या आमच्या मधोमध बसल्या आणि दाभणाने एकेक टाका उचलू लागल्या. चष्मा घसरत होता.   शिवण जिथे घट्ट बसली होती तिथे आक्काताई थांबल्या आणि म्हणाल्या, “महेंद्र, धर की रं हिकडनं. तुज्याच वस्तीची हाय.”

महेंद्रने धरले.  शेवटचा टाका निघेपर्यंत त्याने ते सोडले नाही.

माझ्या तिन्ही सोबतिणी गेल्या. एक सभेत साहेबांच्या पायाखाली अंथरली गेली, असे ऐकले. एक कोणाच्या गाडीत मागच्या सीटवर आहे म्हणतात. तिसरीचे काही कळले नाही. मी आप्पासाहेबांच्या घरी राहिले.

निवडणुकीत चौघी उभ्या राहिल्या. क्रांती निवडून आली. आम्रपालीला आपल्या वस्तीची मते पडली, बाहेरची फार नाहीत. आपले चिन्ह ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत, असे आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी राजकारणावर बोलणे सोडले. ते दुपारी सोप्यात माझ्यावर आडवे होत आणि डोळे मिटून पडत. झोप लागत नसे. मला श्वासावरून कळते.

एका दुपारी दारात क्रांती उभी राहिली.

“मामी, आत येऊ?”

“आता सदस्य झालीस. दारातनं काय, छपरातनं आलीस तरी इचारायचं काम न्हाई तुला,” आक्काताई म्हणाल्या. आम्रपाली तिथेच दळण निवडायला बसली होती. तिने मान वर केली नाही.

क्रांती आत आली, पण बसली नाही. म्हणाली, “काल पंचायत समितीची सभा हुती. आपल्या टाकीला चीर पडलीया, त्याचं बोलायला उठले. आमच्या पक्षाचं सायेब म्हणलं, बसा ताई, तुमचं मत आमी मांडलंय.”

“काय मांडलं?” आम्रपालीने विचारले.

“ते मला सांगितलं न्हाई.”

 मग क्रांती घाईघाईने म्हणाली, “ह्यांस्नी ठावं न्हाई मी आलेली. मला बोलायचं कसं, कागद कुठला धरायचा, कायबी कळत न्हाई. मामा, तुमी रागावला असाल...”

आप्पासाहेब उठून बसले. त्यांनी क्रांतीकडे पाहिले, आम्रपालीकडे पाहिले. एकट्या घोंगडीवर तीन माणसे ऐसपैस बसत नाहीत. आप्पासाहेब भिंतीचा आधार घेत माझ्यावरून उतरले आणि उघड्या फरशीवर जाऊन बसले.

“बसा दोघी,” ते म्हणाले. “बोला. मी ऐकतो.”

आम्रपालीने सूप बाजूला ठेवले. ती पुष्कळ वेळ आली नाही. मग आली.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. टाकी दुरुस्त होईल, न होईल. महेंद्रला कळेल तेव्हा तो ओरडेल, किंवा ओरडणारही नाही. मी काही भाकीत करणारी नव्हे.

पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला वरचेवर उन्हात घाला, कसर लागू देऊ नका. आणि एक विनंती, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. फोटोसाठी मला पसरू नका. समोरच्याला बोलू द्यायचे असेल, तरच पसरा. नाहीतर थंडीत पांघरा. त्या कामाची मला लाज नाही.