मेनच्या आधीचा शब्द

आक्का जाऊन सोळा दिवस झाले होते. थोरली बहीण, आईच्या माघारी वर्षाराणीला तिनंच वाढवलं होतं. दिवसकार्य उरकलं आणि वर्षाराणी मॅडम कॉलेजात हजर झाल्या, कारण सी प्रोग्रामिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रडू काही आलंच नव्हतं. कानात पाणी गेल्यासारखं सगळं लांबून ऐकू यायचं.

मॅडम रजेवर असताना लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर बसले होते. मुलांनी प्रोग्राम लिहिले, पण चालेना एकाचाही. बावीस स्क्रीनवर तोच एक एरर. बाहेरून आलेले परीक्षक रुद्राप्पा सर एकेका खुर्चीमागं थांबत फळ्यापाशी आले.

"प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या 'मेन'च्या आधी सगळ्यांनी 'व्हॉइड' लिहिलंय. जुनी मशीन चालवून घेत होती, पण नियमानं पहिल्यापासून 'इंट'च लागतं. हे कुणी शिकवलं?"

मॅडमनी ऐकलं, तेही लांबूनच.

गडमुडशिंगीहून येणारी पूर्णिमा उठली. "आमीच चुकलो सर. मॅडमनी बरोबर सांगितलंतं."

कुणी हसलं नाही. बावीसच्या बावीस माना खाली. पोरांनी आपल्याला सांभाळून घ्यायचं ठरवलंय, एवढं मॅडमना कळलं. गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं.

"खोटं बोलतीय ती," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं. चौदा वर्षं हेच शिकवत आले."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर 'इंट मेन' लिहिलं. "मेन संपला की ज्यानं त्याला चालू केलं त्या सिस्टीमला एक आकडा परत देतो. शून्य दिला तर काम नीट झालं. म्हणून इंट, म्हणजे पूर्णांक. व्हॉइड म्हणजे काहीच परत न देणं."

रुद्राप्पा सरांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देतो. तेवढंच दुरुस्त करायचं."

आठव्या मिनिटाला शेवटचा प्रोग्राम चालला.

मुलं पांगल्यावर पूर्णिमा दारात घुटमळली. "जेवलाय काय मॅडम?"

मॅडमनी आठवून पाहिलं. सकाळचं आठवेना, कालचंही नाही. "ठाऊक न्हाय गं."

"मग बसा की."

पूर्णिमानं डबा उघडला. भाकरी, वांगं. मॅडम बसल्या आणि खाऊ लागल्या. चव लागत नव्हती. तरी अर्धी भाकरी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.