वरची मेढ की खालची

सकाळी सात वाजता लुडविका बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा सीमेची मेढ जागेवर नव्हती.

गेल्या शनिवारी ती घराच्या वरच्या अंगाला, द्राक्षांची पहिली ओळ संपते तिथे ठोकली होती. आज, शुक्रवारी, ती घराच्या खालच्या अंगाला चौथ्या ओळीत उभी होती. टोकाला तोच चुना. मेढीच्या खाली इटली, वर युगोस्लाव्हिया; म्हणजे शनिवारी घर इटलीत होतं आणि आज युगोस्लाव्हियात. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. मोठ्या देशांनी पॅरिसमध्ये करार केला होता आणि सोमवारी मध्यरात्री, १९४७च्या सप्टेंबरच्या पंधरा तारखेला, नवी सीमा लागू व्हायची होती.

लुडविकाची मुलगी मिलोइका मार्चपासून गोरित्साच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यात होती. दवाखाना उताराच्या तळाशी. तो इटलीत जाणार हे पक्कं होतं. दर रविवारी लुडविका अंडी घेऊन चालत तिथे जायची. घर वरच्या देशात गेलं तर हा रस्ता बंद, आणि किती काळ बंद ते कोणी सांगत नव्हतं. घर सोडून खाली जावं, तर खायचं काय? नवरा लढाईत गेला. उरला होता मळा, सासरा, आणि घराच्या वरच्या अर्ध्या भागात राहणारा दीर.

तिने दिराचं दार वाजवलं.

"आल्बिन, बाहेर ये. मेढ कोणी हलवली?"

आल्बिन गालाला साबण लावलेला बाहेर आला. "कुठली मेढ?"

"तान्हं बाळ आहेस का? चुन्याची."

त्याने खाली पाहिलं. "तिथेच तर होती."

"शनिवारी मी वरच्या मेढीवर फडकं वाळत घातलं होतं."

"वहिनी, तू दिसेल तिथे फडकी वाळत घालतेस. उद्या माझ्या डोक्यावर घालशील."

तो हसला, पण तिच्याकडे न बघता. दोन वर्षं तो रानातल्या लढवय्यांबरोबर होता. इटालियन पोलिसांकडे आपलं नाव आहे, घर त्यांच्या हद्दीत गेलं की आपल्याला उचलतील, असं तो सांगायचा. खरं किती, ते त्यालाच ठाऊक. परवा त्याने वरच्या ओळीशेजारची जमीन खणून काढली होती.

"तोडणीच्या तोंडावर कोण खणतं रे?"

"तण माजलं होतं."

"एवढ्या वर्षांत आत्ताच दिसलं?"

"आणि मी म्हणालो की खरी मेढ खालीच होती, शनिवारी तूच ती वर नेलीस, तर?"

लुडविकाने बादली तिथेच ठेवली आणि गावातल्या चौकीवर गेली.

साडेनऊला जीप आली. सीमा लागू होईपर्यंत इथला ताबा असलेल्या फौजेचा अमेरिकन लेफ्टनंट, इटालियन मोजणीदार, आणि गावाची भाषा बोलणारा युगोस्लाव कॅप्टन. नकाशा जीपवर पसरला. त्यावरची पेन्सिलीची रेघ घर आणि गोठा मिळून होतील एवढी रुंद होती. मेढी ठोकणारी तुकडी केव्हाच पुढच्या डोंगरात गेली होती.

"मेढ आहे तिथे सीमा," कॅप्टन म्हणाला.

"आधी वरचा खड्डा शोधा," मोजणीदार म्हणाला.

वर सगळीच माती भुसभुशीत होती. मोजणीदाराने बुटाने ती उकरली आणि आल्बिनकडे पाहिलं. आल्बिन आकाशाकडे पाहत होता.

एवढ्यात बाकावर बसलेला म्हातारा इग्नात्स, लुडविकाचा सासरा, खोकला. "मीच नेली ती."

सगळे वळले.

"वेल कलली होती. घड मातीला टेकत होते. ही नुसती उभी होती, बिनकामाची."

"आजोबा, ती सीमेची मेढ आहे," कॅप्टन म्हणाला.

"ती बाभळीची मेढ आहे. तुमच्याच लोकांनी घरोघरी मागून नेली. वर चुना फासला म्हणून काय ती वेगळी झाली?"

लेफ्टनंटला हे समजावून सांगितल्यावर तो मोठ्याने हसला. या उतारावर वेल आडवी झाली की माणूस हाताशी येईल ती मेढ उपटतो. शेजाऱ्याचीही उपटतो. त्यावरून कोणी भांडत नाही. हे कॅप्टनलाही माहीत होतं. त्याचा बाप असाच मळेवाला होता.

"मग कुठून उपटलीत?"

म्हाताऱ्याने आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग काठी उचलली आणि घराच्या दोन दारांच्या मधोमध दाखवली. "तिथून. भिंतीजवळून."

तशी रेघ ओढली, तर लुडविकाचं दार इटलीत राहत होतं आणि आल्बिनचं युगोस्लाव्हियात.

"तुमची सीमा फारच सोयीची दिसते, आजोबा," कॅप्टन म्हणाला. त्याने लुडविकाकडे तोंड वळवलं. "बाई, चौकीत तुम्ही फडक्याचं सांगितलंत. ते कुठे वाळत घातलं होतं?"

आल्बिन पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होता.

"तिथेच," लुडविका म्हणाली. "भिंतीजवळ."

"चौकीत वर म्हणालात."

"घाईत बोलले."

कॅप्टनने मेढ उपटायला लावली आणि अंगणात आडवी टाकून घेतली. निकाल सीमा ठरवणारा आयोग देईल, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं बजावून तिघे गेले.

दुपारी लुडविका चौथ्या ओळीत गेली. सासऱ्याने, बाबांनी, सांगितलेल्या वेलीला जुनी मेढ घट्ट होती. कलल्याची, नव्याने बांधल्याची कुठेच खूण नव्हती. म्हणजे बाबा खोटं बोलले होते. कोणासाठी, एवढाच प्रश्न होता. मुलाला झाकायला, की नातीकडे जाणारा रस्ता राखायला? आणि त्यांनी नेली नाही, तर नेली कोणी?

परतताना आल्बिन दारात उभा होता.

"काय पाहून आलीस?"

"घड पिकलेत का ते."

"पिकलेत?"

"अजून नाहीत."

त्याने तिला वाट करून दिली, जरा जास्तच अदबीने. रात्रीच्या जेवणाला म्हाताऱ्याने लापशी मागून घेतली आणि मान वर केली नाही.

रविवारी लुडविका अंडी घेऊन दवाखान्यात जाऊन आली. पुढच्या रविवारी येशील का, असं मिलोइकाने विचारलं. बघू, ती म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत आयोगाचं उत्तर आलं नव्हतं. वरच्या वळणावर युगोस्लाव शिपाई येऊन थांबले होते, खालच्या रस्त्यावर अमेरिकन. लुडविकाच्या घरापर्यंत जायचा हुकूम तोवर दोघांपैकी कोणालाही मिळालेला नव्हता.