गुडघा कुठवर वाकावा

ऐक ना गं बाबिर्ये, नुसती ऐक, मध्ये बोलू नकोस. दाराशी चपलांचा जोड होता. उजवी झिजून कागद झालेली, डावी मात्र कोरी, दुकानातली चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली. मी त्या डावीकडेच बघत राहिले... म्हणजे ही बाई दर वेळी जोड घेते आणि डावी ठेवून देते. टाकत का नाही? आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण माझ्या पिशवीत तिचा डावा पाय होता.

नालोंगो गं. म्पिगीच्या पुढे राहते, जुळ्यांची आई, ट्रकखाली मांडीपासून पाय गेला ती. आमच्या नव्या गुडघ्याची पहिली गिऱ्हाईक. तू हसशील, पण आमच्या कारखान्याचे लुब्वामा साहेब गिऱ्हाईकच म्हणायला लावतात. म्हणतात, दान घेणारा नुसता आभार मानतो, गिऱ्हाईक असला की तक्रार करतो, आणि आपल्याला तक्रार हवी.

तिला काय हवंय ते काढून घ्यायला मीच गेले होते मागे. आणि मी हुशार ना! गुडघा कसा हवा, असं विचारायचंच नाही, तिचा दिवस विचारायचा. तिने सांगितला. पाणी, केळीची बाग, चर्चची चढण, बोडा-मोटारसायकलवर मागे बसणं. ते सगळं आम्ही त्या गुडघ्यात घातलं. चिखलात घसरत नाही, उतारावर दगा देत नाही...

आज पट्टे बांधले आणि ती उठली. चालली. अंगणाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली.

"अगं, हा तर जुन्या पायापेक्षा शहाणा आहे," म्हणाली. "तो मेला नेहमी दारूच्या गुत्त्याकडे वळायचा!"

शेजारणी खो खो हसल्या, एकीने जीभ वळवून किलकारी मारली. आणि माझ्या डोक्यात तर उद्याचं सगळं चालू झालं होतं... गुडघ्याचा साचा बनवायला जाणार, मग शेकड्यांनी गुडघे निघणार, प्रत्येकात मी ऐकलेलं काहीतरी असणार...

तेवढ्यात जाजा क्येयुने आले, तिच्या माहेरचे म्हातारे, काठी टेकत टेकत. मी उभ्यानेच हात पुढे केला, जसा नेहमी करते. त्यांनी तो घेतला आणि माझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती गुडघे टेकून नमस्कार करायला खाली वाकली. गुडघा खुर्चीवर बसण्याइतका वाकला, जरासा आणखी वाकला... आणि थांबला. कारण आम्ही तो तिथेच थांबवलाय, बाबिर्ये! ती तशीच लोंबकळत राहिली, एक हात खांबाला, ना उभी ना बसलेली. तिचं तोंड... नको, ते राहू दे.

मग ती ओट्याच्या कडेला बसली. गोमेसीच्या झग्यात हात घालून पट्टे सोडले, पाय काढला, गवतावर आडवा ठेवला. चटईवर उतरली, राहिलेला गुडघा दुमडला आणि म्हणाली, "रात्र बरी गेली ना, बाबा?" जाजांनी सावकाश उत्तर दिलं. घरचं विचारलं, बकऱ्यांचं विचारलं, पुन्हा घरचं विचारलं. तो पाय तिथे पडलेला, आणि त्याच्याशेजारी मी उभी.

ते गेल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. "हे मला का नाही सांगितलंत? मी तुमचा अख्खा दिवस विचारला होता!"

तिने माझ्या पँटकडे बघितलं. "बाळा, माझ्याहून लहान असून तू आलीस ती उभ्याने हात पुढे करत. म्हटलं, गुडघे टेकणं हिला गावंढळ वाटायचं. पाय द्यायची नाहीस, अशीही भीती वाटली."

म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच माझा प्रश्न विचारून झाला होता, आणि त्याचं उत्तरही देऊन झालं होतं.

"पुढच्या महिन्यात मिरेम्बेची क्वांजुला आहे, मुलाकडचे लग्नाचं बोलायला घरी येणार," ती म्हणाली. मिरेम्बे म्हणजे भावाची मुलगी, हिनेच वाढवलेली. आता तुला काय सांगायचं, आत्या गुडघ्यावर बसल्याशिवाय नवरामुलगा दाखवला जातो का कधी? "पाहुण्यांसमोर पाय काढून ठेवला, तर त्यांना वाटेल तोही आहेरात आलाय!" आणि हसली. मला हसू आलं नाही. "नाहीतर धाकटीला बसवतील आत्या म्हणून. बसवोत."

'बसवोत' म्हणाली, पण चटईची काडी उपसत होती.

टॅक्सीत माझं डोकं फुटायची वेळ आली. ही गरज तिची, की जाजांची? समोर कोणी नसताना ती गुडघे टेकेल का? नाही. पण समोर कोणी नसेल तर माणूस कपडे तरी कशाला घालेल? आणि हे ठरवणार कोण, तर दादाच्या सासऱ्यांसमोर ताठ उभी राहिलेली ती इंजिनीअरीणबाई, म्हणजे मीच, जिच्याशी आई तेव्हापासून तुटकच बोलते... मी नाही टेकत, म्हणून हिनेही टेकू नये? की मी टेकत नाही आणि हिला मात्र टेकायचं यंत्र करून देऊ?

लुब्वामा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "इतका वाकवायचा तर गुडघ्यामागची आधाराची भिंत कापावी लागेल. मग डोक्यावर केळीचा घड घेऊन उतरणाऱ्याचा गुडघा मोडेल. कुणाला पाडायचं, बोल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी पोर कुणापुढे गुडघे टेकणार नाही, असं मी ठरवलंय. आणि मीच हे विकू?"

ते चहा आणायला गेले. मी कोनमापक घेतला. म्हटलं, आधी मोजू तर, खरा गुडघा कुठवर जातो. कारखान्याच्या फरशीवर बसले, पँट घालूनच. पोटऱ्या मांड्यांना टेकल्या... आणि बाबिर्ये, माझ्या अंगाला ते सगळं येत होतं गं! लहानपणी आईशेजारी अशीच बसायचे. वर मोठी माणसं गंभीरपणे बोलत असायची, खालून त्यांच्या हनुवट्या हलताना दिसायच्या, आई हळूच कोपराने ढोसायची आणि आम्ही दोघी हसू दाबायचो. ते मला आवडायचं? की लहान होते म्हणून? आकडा बघायचा राहूनच गेला.

"अगं ऊठ, मी काय तुझा सासरा आहे?" साहेब दारात, हातात दोन कप.

मी पटकन उठायला हवं होतं. उठलेच नाही. लाजेने, हट्टाने की कशाने, मलाच कळेना. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. कप कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, आणि मला मान वर करावी की नाही ते सुचेना.

"मग?" ते म्हणाले. "साचा पाठवू?"

सकाळी सांगते म्हटलं. अजून काही ठरत नाहीये. तू सांग ना, माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?