अर्ध्यावरची पायरी

कानाची तपासणी करणाऱ्या यंत्रातलं ते कार्ड. काम काय, तर आकडा घ्यायचा आणि तेवढं व्होल्टेज बाहेर द्यायचं. आकडा एकेकाने वाढवला की व्होल्टेजनेही एकेक पायरी चढायची, बस्स. पण हे कार्ड हजारभर पायऱ्यांच्या बरोबर अर्ध्या वाटेवर, पाचशे अकरावरून पाचशे बाराला जाताना, चढायचं सोडून खाली उतरत होतं. पुढे पुन्हा शहाण्यासारखं चढायचं.

डिझाइन भाचीचं, सोल्डरिंग मावशीचं. मावशी सख्खी; तिनेच शब्द टाकून भाचीला इथे चिकटवलं होतं. बावीस वर्षं हातात चिमटा, म्हणून वर्कशॉपमध्ये तिचं नावच चिमटाबाई.

मालक म्हणाले होते, "बाईंचा हात आता चालत नसेल. शुक्रवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर त्यांना पॅकिंगला बसवू."

पॅकिंग! म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची. भाचीला ते फार लागलं. पण खरं सांगायचं तर तिलाही मनातून हाताचीच शंका येत होती.

दोन दिवस कार्डाने नाकी नऊ आणले. तिने चिप बदलली, पॉवर सप्लाय बदलला, प्रोग्राम नव्याने लिहिला. भिंगाखाली एकेक जोड तपासला. सगळे जोड चकचकीत, नावाला खोट नाही. गुरुवारी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आतापर्यंत बनवलेली कार्डं तीन आणि तिन्ही एकाच जागी घसरतात. हात थरथरला असता तर तीन ठिकाणी थरथरला असता, हट्टाने एकाच जागी कसा थरथरेल?

"मावशी, रेझिस्टर निवडून लावतेस का गं?"

"मग काय डोळे मिटून लावते? मीटरवर मोजते एकेक. अगदी जुळे निघतात ते एक नंबरला, मग दोन, मग तीन. उरलासुरला गाळ शेवटी. तुझ्या आधीच्या साहेबांनी लावलेली शिस्त आहे ती."

भाचीने कपाटातून जुनं ड्रॉइंग काढलं. त्या साहेबांच्या ड्रॉइंगमध्ये एक नंबरचा रेझिस्टर म्हणजे सगळ्यात मोठी पायरी, पाचशे बाराची. हिने कॉलेजात शिकवल्याप्रमाणे सगळ्यात धाकट्या पायरीकडून नंबर घातले होते. म्हणजे निवडक रेझिस्टर गेले जिथे फरक पडत नाही तिथे, आणि अर्ध्यावर, जिथे ती मोठी पायरी पहिल्यांदा लागते, तिथे सगळा भार पेलायला बसला गाळ. नंबर उलटे केलेत हे मावशीला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मावशी, चूक माझी आहे."

"ठाऊक आहे. तिसरं कार्ड झाल्यावर लक्षात आलं माझ्या. मी सकाळीच मालकांना सांगून आलेय, हात थरथरतो म्हणून. तुझे सहा महिने पुरे व्हायचेत अजून. तू आधी कायम हो."

भाची तडक मालकांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. मालकांनी मानही वर केली नाही. "बाई म्हणाल्याच होत्या, भाची पांघरूण घालायला येईल."

घ्या! मावशीने तीही वाट बंद करून ठेवली होती.

"मग बघायला तरी चला," भाची म्हणाली. मालक उठले. तिने एक कार्ड मावशीच्या टेबलावर ठेवलं. "पहिले चार आणि शेवटचे चार काढ, आणि जागा बदलून लाव."

मावशीने डोळे वटारले. "हात थरथरतो माझा."

"थरथरू दे."

मावशीने सोल्डरिंग गन उचलली. हात थरथरला खरा, शाळा बुडवायला पोट धरणाऱ्या पोरासारखा. पण गनचं टोक कार्डाजवळ आलं आणि थरथर थांबली. खराब जोड करणं तिला जमेचना. आठही रेझिस्टर निघाले, नव्या जागी बसले, आणि शेजारचा एक ठिपकाही हलला नाही.

भाचीने कार्ड जोडलं. पडद्यावरची रेघ अर्ध्यावर न अडखळता शेवटपर्यंत चढत गेली. मालक मात्र मावशीच्या बोटांकडे बघत होते.

"थरथरतो म्हणालात."

"कधी कधी," मावशी म्हणाली.

"पॅकिंगचं राहू द्या." मग ते भाचीकडे वळले. "ड्रॉइंग दुरुस्त करा. तुमच्या सहा महिन्यांचं बघू."

ते गेले. मावशी भाचीकडे न बघता गनचं टोक पुसत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "पुढचं ड्रॉइंग आधी मला दाखव."